वाचनालयाच्या घड्याळाचा खटला

मोठ्या साहेबांचा फोन आला तेव्हा सरकारी वकील न्याहारीच्या टेबलावर बायकोची उलटतपासणी घेत होते. वाद चहातल्या साखरेचा होता.

"साखर घातली होतीस? हो की नाही, एवढंच सांग."

"घातली होती. तुम्ही ढवळला नाहीत."

"मी ढवळला नाही, हे तू स्वतः पाहिलंस की तुला कोणी सांगितलं?"

तेवढ्यात फोन वाजला आणि बायकोची सुटका झाली.

"तुमच्या भागातले लोक तुम्हाला ओळखतात का हो?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, निम्मे गुन्हेगार मला पाठीमागूनसुद्धा ओळखतात."

"गुन्हेगारांचं नाही विचारत. लोक. साधे लोक. वरून आदेश आलाय. सरकारी वकिलानं समाजात मिसळायचं. लोकांना वाटलं पाहिजे, हा आपला माणूस आहे. महिन्याभरात तुमच्या भागात एक कार्यक्रम घ्या आणि फोटो पाठवा. फोटोत माणसं पाहिजेत, हे आत्ताच सांगून ठेवतो. मागे एकानं नुसत्या खुर्च्यांचे फोटो पाठवले होते."

वकिलांनी फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. "आपल्या भागात मला कोणी ओळखत नाही, असं तुला वाटतं का?"

"ओळखतात की. समोरच्या आजी तुम्हाला रेल्वेतले तिकीट तपासनीस समजतात. काळा कोट बघून. परवा विचारत होत्या, खालचा बर्थ मिळेल का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बघते विचारून."

वकील दुखावले. इतकी वर्षं ते या गल्लीत राहत होते. चोर, दरोडेखोर, खोटे शिक्के मारणारे, खरे शिक्के चुकीच्या जागी मारणारे अशा सगळ्यांना त्यांनी कोर्टात घाम फोडला होता, आणि त्यांच्या स्वतःच्या गल्लीत त्यांची किंमत खालच्या बर्थएवढी! समाजात मिसळायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

कार्यक्रमासाठी गल्लीच्या तोंडावरचं वाचनालय मिळालं. वाचनालयाच्या अध्यक्षा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळा भाग नुसतं 'बाई' म्हणत असे. वकिलांची बायको त्यांच्याच शाळेत भूगोल शिकवायची. बाई निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी रस्त्यात बाई दिसल्या की ती अजून हातातली पिशवी डावीकडून उजवीकडे घेऊन ताठ उभी राहायची.

रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी तीन श्रोते हजर होते. एक बाई, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. दुसरे निवृत्त पोस्टमन. ते रोजच तिथे वर्तमानपत्र वाचायला येत आणि आज उठून कसं जायचं हे त्यांना सुचलं नव्हतं. तिसरे समोरच्या दवाखान्यातले दाताचे डॉक्टर. गोल चेहऱ्याचा, हसरा, कुणाच्याही कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणारा असा हा माणूस होता. बायको मोबाइल घेऊन फोटो काढायला मागे उभी होती आणि तीन माणसं तीस कशी दिसतील याचा विचार करत होती.

वकिलांनी 'समाज आणि अभियोग : एक चिंतन' या विषयाला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदात पोस्टमननी वर्तमानपत्र हळूच उघडलं. दुसऱ्यात बाईंनी जांभई दाबली. तिसऱ्यात डॉक्टरांनीही दाबली, पण बाईंची जांभई त्यांनी त्याआधी व्यावसायिक नजरेनं पाहून घेतली. बायकोनं मागून हातवारे केले आणि शेवटी न राहवून पुढे येऊन कुजबुजली, "अहो, बोलू नका. काहीतरी करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"तुम्हाला काय येतं?"

हा प्रश्न वकिलांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांना एकच गोष्ट येत होती. ते श्रोत्यांकडे वळले. "आता आपण एक खोटा खटला चालवू. नाटकच म्हणा. कोर्टात काय होतं ते तुम्हाला कळेल. समजा, या वाचनालयातलं हे भिंतीवरचं घड्याळ चोरीला गेलं. आरोपी कोण होणार?"

"मी होतो की!" डॉक्टर खुशीत म्हणाले. "रविवारी तसंही कोणाचा दात दुखत नाही."

बाई न्यायाधीश झाल्या. त्यांना काही वेगळं करावं लागलं नाही, फक्त खुर्ची मधोमध घेतली. पोस्टमन साक्षीदार झाले. वकिलांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन काय सांगायचं ते समजावलं. वकिलांच्या आयुष्यातलं मोठं दुःख म्हणजे फितूर साक्षीदार. पोलिसांसमोर पोपटासारखे बोललेले लोक कोर्टात आले की अंधार होता, चष्मा नव्हता, पाठ फिरलेली होती, असं काहीबाही सांगून मोकळे व्हायचे.

"काका, एकच विनंती," वकील म्हणाले. "काही झालं तरी जबाब फिरवायचा नाही."

"मी पत्ता चुकीचा असला तरी पत्र पोचवलेलं आहे," पोस्टमन म्हणाले. "काळजी करू नका."

आणि खटला सुरू झाला. वकिलांचा आवाज मुळात दमदार. चिंतन करताना तो घशात अडकला होता, आता तो सुटला. "तुम्ही काय पाहिलंत?" असं त्यांनी विचारल्याबरोबर खिडकीबाहेर भाजी निवडणाऱ्या दोन बायकांनी मान वर केली. "मी या इसमाला कोटाखाली घड्याळ लपवून जाताना पाहिलं," असं पोस्टमननी खणखणीत सांगितल्यावर भाजीवालाही आत आला. पाहता पाहता खुर्च्या भरल्या, दार भरलं, खिडक्यांत डोकी आली. हे नाटक आहे, असं वकिलांनी सुरुवातीला स्पष्ट सांगितलं होतं. पण सुरुवातीला होतं कोण?

वकिलांना चेव चढला. एवढा ठाम साक्षीदार त्यांना उभ्या नोकरीत लाभला नव्हता. ते डॉक्टरांकडे वळले. खटला खरा वाटावा म्हणून त्यांनी सहज आठवलेली एक गोष्ट त्यात घातली. "गुरुवारी संध्याकाळी तुमचा दवाखाना बंद होता. खरं की खोटं?"

डॉक्टरांचं हसू थोडं कमी झालं. "खरं."

"कुठे गेला होतात?"

"म्हणजे... असंच. जरा बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"ते सांगण्यासारखं नाही हो."

सभागृहात हूं अशी लाट गेली. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला, कपाळावर घाम आला. दुसरा एखादा माणूस तिथे थांबला असता. वकील थांबले नाहीत. वीस माणसांसमोर आरोपी घाम पुसतोय, हे दृश्य सोडून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी आणखी दहा प्रश्न विचारले आणि डॉक्टर दहाही वेळा "जाऊ द्या ना" म्हणाले.

बाईंनी निकाल दिला. "आरोपी दोषी आहे. शिक्षा म्हणून त्यानं फळ्यावर दहा वेळा लिहावं, मी घड्याळ चोरणार नाही." मुख्याध्यापिकेला ठाऊक असलेली सगळ्यात मोठी शिक्षा तीच होती.

टाळ्या कडकडल्या. डॉक्टर पुन्हा हसले, खिलाडूपणे खडू उचलला आणि दहा वेळा लिहिलं. बायकोनं फोटो काढले. फोटोत इतकी माणसं होती, की त्यात वकील कुठे आहेत ते शोधावं लागत होतं. मोठ्या साहेबांचा उलट निरोप आला : "झकास! असंच मिसळत राहा."

फळा मात्र कोणी पुसला नाही.

सोमवारी वाचनालयात येणाऱ्यांनी तो वाचला. बाजूला राहणाऱ्या एकीनं त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. बहिणीनं तो नणंदेला, नणंदेनं तो व्यायामशाळेच्या ग्रुपवर. एकानं शंका काढली, हे अक्षर डॉक्टरांचं कशावरून? डॉक्टरांचं असतं तर वाचता आलं असतं का? त्यावर दुसऱ्यानं उत्तर दिलं, वाचता येतंय याचाच अर्थ माणसानं मनापासून लिहिलंय.

वकिलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते बुधवारी केस कापायला गेले. न्हाव्यानं त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि कानाशी कात्री आणून म्हणाला, "ऐकलंत का साहेब, दाताच्या डॉक्टरचं?"

"काय झालं त्यांना?"

"चोर निघाला! वाचनालयातलं घड्याळ मारलं. रंगेहाथ पकडला पोस्टमनकाकांनी. काय तो सरकारी वकील म्हणे, नुसता फाडून खाल्ला त्याला. तुम्ही आपले रेल्वेत, तुम्हाला काय कल्पना!"

वकिलांनी मान हलवायचा प्रयत्न केला. न्हाव्यानं ती दोन्ही हातांनी सरळ धरली. "हलू नका."

"अहो, पण घड्याळ भिंतीवरच आहे! मी आत्ता येताना पाहिलं."

"परत आणून लावलं ना," न्हावी समजुतीच्या सुरात म्हणाला. "तसा माणूस वाईट नाही तो. पण तोंडात हात घालून द्यायचा म्हणजे... माझ्या आईचे दोन दात सोन्याचे आहेत."

वकील अर्धे केस कापलेल्या अवस्थेत बरंच काही बोलले. ते नाटक होतं, तो खटला खोटा होता, तो वकील मीच आहे. न्हाव्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "बरोबर आहे. शेजारी आहात, तुम्ही झाकणारच."

त्या संध्याकाळी डॉक्टर वकिलांच्या घरी आले. गोल चेहरा उतरला होता. बायकोनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"वकीलसाहेब, सोमवारपासून एक पेशंट नाही. काल एक बाई आल्या, त्या दार चुकून. खुर्ची पुसून पुसून तिचा रंग जायला लागलाय. माझ्या मदतनीस बाईंना लोक विचारतात, तुम्हाला भीती नाही वाटत का."

"मी सगळ्यांना सांगतो ना, की ते खोटं होतं!"

"लोकांचं सोडा हो. घरी बायको विचारते, गुरुवारी कुठे होतास? घड्याळाचं तिला काही नाही. ती म्हणते, घड्याळ चोरायला अख्खी संध्याकाळ कशाला लागते?"

वकील उठले, दार लावून घेतलं आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "कुठे होतात?"

डॉक्टरांनी वकिलांच्या बायकोकडे पाहिलं. ती उठून जायला लागली, पण फार सावकाश. शेवटी तिच्यादेखतच ते म्हणाले, "दात काढून घ्यायला गेलो होतो. माझा. मागची दाढ. गावाच्या त्या टोकाला दुसरा दातवाला आहे ना, त्याच्याकडे."

"मग यात लपवण्यासारखं काय आहे?"

"अहो, स्वतःची दाढ स्वतःला काढता येत नाही, हे लोकांना कोण समजावणार? ते म्हणतील, स्वतःच्या दातासाठीसुद्धा हा त्याच्याकडे जातो! चोर म्हटलं तर निदान एखाद्याला दया येईल. हे कळलं तर दवाखान्याला कायमचं कुलूप."

"बायकोला सांगितलंत?"

"सांगितलं. तिला पटलं नाही. म्हणाली, दुसरं काहीतरी बरं कारण शोधून आण."

वकिलांना त्या रात्री जेवण गेलं नाही. निर्दोष माणसाला शिक्षा झाली होती आणि निर्दोष असल्याचा भक्कम पुरावा चोरीपेक्षा घातक होता. आयुष्यभर त्यांनी आरोपींना "पुरावा द्या" असं बजावलं होतं. पुरावा असूनही देता येत नाही, असा माणूस त्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.

"अपील करा," बायको म्हणाली.

"कुठे?"

"बाईंकडे. पुढच्या रविवारी. तुम्ही डॉक्टरांच्या बाजूनं उभे राहा."

"मी? बचावाचा वकील?" एखाद्या शाकाहारी माणसाला खाटकाच्या दुकानात उभं केल्यावर व्हावा तसा वकिलांचा चेहरा झाला.

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या आदल्या दिवशीच रुमाल टाकून अडवल्या गेल्या होत्या. गर्दीची बातमी ऐकून मोठे साहेब स्वतः फोटोग्राफर घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. डॉक्टर पुन्हा आरोपीच्या जागी, त्यांची बायको चौथ्या रांगेत हाताची घडी घालून. मधोमध बाई. त्यांच्या मागे भिंतीवर घड्याळ व्यवस्थित चालू होतं आणि येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे असा बघत होता, जणू ते तुरुंगातून नुकतंच सुटून आलं होतं.

वकिलांनी पोस्टमनना बोलावलं. "काका, खरं सांगा, तुम्ही डॉक्टरांना घड्याळ नेताना पाहिलंत का?"

"पाहिलं."

"अहो काका, ते मी तुम्हाला सांगायला सांगितलं होतं!"

"तुम्ही सांगितलं हे खरं. पण मी पाहिलंही."

"कसं पाहणार? घड्याळ भिंतीवरून हललंच नाही!"

"कोटाखाली होतं," पोस्टमन ठामपणे म्हणाले. "डावा हात असा होता. पायात चपला होत्या. मी गेला आठवडाभर सगळ्यांना हेच सांगतोय, एकदाही फरक पडलेला नाही. विचारा कोणालाही."

"विचारलंय आम्ही!" मागून आवाज आला. "अजिबात फरक पडत नाही!"

"काका, आज तरी जबाब फिरवा!" वकिलांच्या तोंडून निघून गेलं.

पोस्टमननी वकिलांकडे दुःखानं पाहिलं. "तुम्हीच म्हणाला होतात, काही झालं तरी फिरवायचा नाही. आता तुम्हीच मला फितूर करताय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या पोस्टमनसाठी. वकिलांनी मान खाली घातली. मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. डॉक्टरांचा चांगुलपणा सिद्ध करायचा. पण सवय जाता जात नाही. "हे गृहस्थ प्रामाणिक आहेत," असं म्हणताना त्यांचं बोट आपोआप डॉक्टरांच्या छातीवर रोखलं गेलं आणि आवाजात अशी काही धार आली, की डॉक्टर दचकून दोन पावलं मागे सरले. "बघा, घाबरला," कोणीतरी म्हणालं.

"गुरुवारी कुठे होता, ते विचारा!" चौथ्या रांगेतून डॉक्टरांची बायको म्हणाली.

डॉक्टरांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी तोंड उघडलं. एक वाक्य बोललं तर खटला तिथेच संपत होता, आणि डॉक्टरही. समोर गर्दी होती, मोठे साहेब होते, फोटोग्राफर होता. वकिलांनी तोंड मिटलं. मग खोल श्वास घेऊन ते म्हणाले, "डॉक्टर कुठे होते ते मला माहीत आहे. त्यात कोणाचंही काही गेलेलं नाही, वहिनी, तुमचं तर मुळीच नाही. मी ते सांगणार नाही, कारण मला ते विचारायचाच अधिकार नव्हता. हा सगळा खटला खोटा आहे. चोरी झाली नाही. मी तो रचला, साक्षीदाराला मी पढवलं, आणि लोक टाळ्या वाजवतायत म्हणून मी या माणसाला इतक्या जणांसमोर घाम फोडला. दोष माझा आहे."

असं साधं, सरळ वाक्य त्यांनी कोणत्याच कोर्टात उच्चारलं नव्हतं. त्यांना वाटलं, आता लोकांच्या लक्षात येईल.

लोकांच्या लक्षात आलंच.

"म्हणजे सरकारी वकील खोटे खटले रचतात?" भाजीवाल्यानं विचारलं.

"नाही, नाही! म्हणजे, हा एवढाच."

"प्रत्येक चोर हेच म्हणतो. एवढाच," न्हावी म्हणाला. मग त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "अरेच्चा! तुम्ही रेल्वेत नाही होय?"

बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. शांतता झाली. वकिलांची बायको मागच्या रांगेत आपोआप उभी राहिली.

"निकाल ऐका," बाई म्हणाल्या. "डॉक्टर निर्दोष आहेत. फळा पुसा. पोस्टमनसाहेबांचा निर्धार वाखाणण्यासारखा आहे, पण त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. वकील दोषी आहेत, आणि त्यांनी स्वतः कबूल केलंय. यांच्यामुळे लोक डॉक्टरांच्या हातात तोंड द्यायला घाबरतात. म्हणून शिक्षा अशी, की यांनी उद्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर, डॉक्टरांच्या खुर्चीत बसून दातावर उपचार करून घ्यावेत."

"पण बाई, माझा एकही दात दुखत नाही!"

"ही शिक्षा आहे," बाई म्हणाल्या. "उपचार तुमच्या सोयीनं व्हायला तुम्ही पेशंट नाही."

सगळ्यात जोरात टाळ्या मोठ्या साहेबांनी वाजवल्या. जाताना त्यांनी वकिलांचा हात हातात घेऊन भरल्या गळ्यानं सांगितलं, "समाजात इतकं खोल मिसळलेला दुसरा माणूस आपल्या खात्यात नाही."

सोमवारी संध्याकाळी दवाखान्याच्या मोठ्या काचेवर नाकं टेकवून अर्धा भाग उभा होता. समोरच्या आजींना पुढे जागा करून दिली होती. वकील खुर्चीत आडवे झाले. वर पांढरा दिवा लागला. डॉक्टरांनी आरसा आत घातला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टकटक केलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"वकीलसाहेब," ते हळूच म्हणाले, "घोटाळा झाला."

"आं?"

"दात अगदी ठणठणीत आहेत. एक कीड नाही. इतकं स्वच्छ तोंड मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही."

दोघांनीही काचेकडे पाहिलं. काचेपलीकडून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं तपासून सोडून दिलं, तर लोक काय म्हणतील हे दोघांनाही कळत होतं. एक म्हणेल, बघा, हिंमत झाली नाही. दुसरा म्हणेल, दोघांचं आतून ठरलेलं होतं.

वकिलांनी आरसा बाजूला सारला आणि ते म्हणाले, "मागचा एखादा काढा. शेवटचा. तो तसाही फारसा कामाला येत नाही."

"त्यानं काय केलंय?"

"काही नाही. पण एवढे लोक जमलेत."

डॉक्टरांनी मान हलवली. "निर्दोष दात मी काढत नाही, वकीलसाहेब. बाहेर कितीही लोक जमू देत."

वकिलांना हे वाक्य कुठेतरी खोल लागलं, दाढेच्याही मागे. डॉक्टरांनी दिवा थोडा वळवला, काचेकडे पाठ केली आणि म्हणाले, "मी यंत्र हवेत फिरवतो. बाकीचं तुमच्यावर."

यंत्र सुरू झालं. वकिलांनी आपलं सगळं वक्तृत्व पणाला लावलं. आधी साधं कण्हणं, मग "आई गं", मग एक लांबलचक हेल, ज्यात एरवी ते मृताच्या म्हाताऱ्या आईवडिलांचा उल्लेख करत. काचेपलीकडे आजींनी डोळ्याला पदर लावला. शेवटी डॉक्टरांनी एका गालात कापसाचा मोठा बोळा कोंबला, चिमटा उंच धरून काहीतरी टण्णकन भांड्यात टाकलं आणि दार उघडलं.

लोक खूश झाले. ज्यानं सरकारी वकिलाला एवढं रडवलं, त्याचा हात पक्का, यावर सगळ्यांचं एकमत झालं. न्हाव्यानं आईसाठी तिथल्या तिथे वेळ मागून घेतली. डॉक्टरांची बायको आत आली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चल घरी," आणि गुरुवारचं नाव काढलं नाही. पोस्टमन पायरीवर उभे राहून ज्यांना नीट दिसलं नव्हतं त्यांना सांगत होते, "एवढा मोठा दात! दोन मुळं होती. मी स्वतः पाहिला." वकिलांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वकिलांच्या घरी सूप यायला लागलं. समोरच्या आजींनी पाठवलं, भाजीवाल्याच्या बायकोनं पाठवलं, न्हाव्याच्या आईनं पाठवलं. सगळ्यांचा निरोप एकच, चावायचं नाही. तोंडात सगळे दात शाबूत असलेला तो माणूस दिवसातून तीन वेळा सूप पीत होता, आणि कडक बिस्कीट खायचं झालं तर न्हाणीघरात नळ सोडून खात होता. डॉक्टरांखेरीज खरी गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. बाहेर काय सांगायचं, तेही दोघांनी ठरवून ठेवलं होतं. दात काढला, दुखतंय, पण आता बरं आहे.

गुरुवारी स्वतः बाई आल्या. हातात झाकण लावलेलं भांडं होतं. बायको झटकन उभी राहिली, वकीलही राहिले.

"शिक्षा ही शिक्षा," बाई म्हणाल्या, "पण दुखणाऱ्या माणसाशी माझं वैर नाही. सूज उतरलेली दिसतेय. कोणत्या बाजूचा हो काढला?"

"डावीकडचा," वकील म्हणाले.

"उजवीकडचा," बायको म्हणाली.

दोघं एकदमच बोलले होते. मग दोघं एकदमच गप्प झाले.

बाईंनी भांडं टेबलावर ठेवलं. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग खुर्ची ओढून घेतली आणि टेबलाच्या बरोबर मधोमध बसल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि एकेकानं बोला."